सावित्रीचा पूल, रात्री साडेअकरा

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल रात्री साडेअकराच्या सुमारास पडला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. दोन्ही गाड्यांत मिळून २२ माणसं होती. दोन चालक आणि दोन वाहक त्यांतच आले. एक तवेरा मोटारही गेली. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा ४० च्या आसपास धरला गेला.

पूल पडायला काही क्षण लागले असतील. ती वेळ मात्र फार आधीपासून जवळ येत होती, आणि तिच्या वाटेत तिला अडवू शकेल असं कोणी उभं नव्हतं. म्हणून घड्याळ मागे न्यायला हवं.

८८ वर्षं आधी

१९२८ साली ब्रिटिश अमदानीत हा पूल बांधला गेला. दगडी खांब आणि त्यांवर दगडी कमानी. अशा पुलाची ताकद दगडाच्या वजनात असते. प्रत्येक कमान आपल्या खांबाला बाहेरच्या बाजूला रेटते आणि शेजारची कमान तेवढ्याच जोराने उलट रेटते, म्हणून मधला खांब सरळ उभा राहतो. खांद्यावर हात टाकून ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांसारखं हे काम आहे. मधल्या एकाचा पाय घसरला की शेजारच्यांचाही तोल जातो. एक खांब खचला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी टिकत नाहीत. हा सगळ्याच दगडी कमानींचा स्वभाव आहे आणि बांधणाऱ्यांना तो पक्का ठाऊक होता. त्यांनी पूल बांधला तो त्या काळच्या मोटारी आणि बैलगाड्यांसाठी. पुढे त्यावरून ट्रेलर, टँकर आणि रात्रीच्या शेकडो गाड्या जाऊ लागल्या.

२००१ मध्ये शेजारी नवा पूल झाला. गोव्याकडे जाणारी वाहनं नव्या पुलावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्या पुलावरून, अशी वाटणी झाली. ही वाटणी रहदारीच्या सोयीची होती. २ ऑगस्टच्या रात्री मात्र कोण कुठल्या दिशेला निघालंय, एवढ्यावर जगणं-मरणं ठरलं.

१३ वर्षं आधी

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड आली आणि कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाड तालुक्यातल्या करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच दरडीमुळे रुळांवरून उतरली आणि पुलावरून खाली गेली. तिथेही माणसं दगावली.

या दोन अपघातांचा सावित्रीच्या पुलाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते सगळा संबंध तिथेच आहे. कोकण रेल्वेने त्यानंतर पावसाळ्याला वेगळा ऋतू म्हणून वागवायला सुरुवात केली. गाड्यांचं पावसाळी वेळापत्रक आलं. २०१६ साली ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं होतं. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, हा नियम झाला. धोक्याच्या कटिंगांमध्ये आणि बोगद्यांच्या तोंडाशी चोवीस तास पहारे बसले. इरलं किंवा रेनकोट घातलेला, हातात बॅटरी घेतलेला गँगमन रात्रभर रुळांवरून गस्त घालतो, त्याच्याकडे गाडी थांबवायचं सामान असतं आणि थांबवायचा अधिकारही असतो. त्याने लाल दिवा दाखवला तर राजधानीसुद्धा उभी राहते.

हेच कोकण, हाच पाऊस, आणि दोन-चार डोंगरांपलीकडे समांतर जाणारा महामार्ग. त्यावरून रेल्वेहून अधिक माणसं जात असतील. तिथे असा एकही माणूस नेमलेला नव्हता.

साधारण अडीच महिने आधी

मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असा निर्वाळा मिळाला होता. दुर्घटनेनंतर सार्वजनिक बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनी ही माहिती विधिमंडळात दिली. पावसाळी अधिवेशन तेव्हा चालूच होतं.

या मे महिन्यावर थोडं थांबायला हवं. तेव्हा कोकणातल्या नद्यांना पाणी नसतंच म्हटलं तरी चालेल. खांबांचे पाय उघडे पडतात, खाली उतरून हात लावून बघता येतं. तपासणीला याहून सोयीचा काळ नाही. पण नदीची एक रीत आहे. पूर जोरात असताना पाणी खांबाच्या पायाशी भोवरा धरतं आणि तिथली वाळू-माती उपसून खड्डा करतं. पूर ओसरताना वेग कमी होतो आणि वाहून आलेला सैल गाळ त्याच खड्ड्यात बसतो. उन्हाळ्यात बघणाऱ्याला तळ सपाट दिसतो. त्या गाळाखाली मूळची घट्ट जमीन कुठवर शिल्लक आहे, हे डोळ्यांना कळत नाही. पुढच्या पुरात तो भुसभुशीत गाळ पहिल्याच धक्क्याला निघून जातो आणि खड्डा आणखी खोल होतो. जगभरात नद्यांवरचे पूल पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

म्हणजे मे महिन्यातला दाखला कितीही प्रामाणिकपणे लिहिलेला असो, तो मे महिन्यातल्या पुलाचा असतो. ऑगस्टमधल्या पुलाचा दाखला ऑगस्टमध्येच मिळायला हवा, तोही पुराच्या दिवशी, पुलाच्या तोंडाशी उभं राहून.

दुपार: बारा तास आधी

आषाढी अमावास्या. देशावर दिव्यांची आवस. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार. महाबळेश्वरात पाऊस लागून राहिलेला.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा तिथेच उगम पावतात आणि पूर्वेला वळून शेकडो मैलांची वाट धरतात. सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून थेट खाली येते. पोलादपूर, महाड, पुढे बाणकोटची खाडी, हरिहरेश्वर आणि समुद्र. सव्वाशे किलोमीटरही नाही. माथ्यावर पडलेलं पाणी मुरायला किंवा रेंगाळायला जागाच नाही. ते काही तासांत पायथ्याला येऊन थडकतं. महाडात गांधारी येऊन मिळते, दासगावजवळ काळ नदी. महाडकरांना पूर नवा नाही. बाजारपेठेतले दुकानदार पाणी कुठल्या पायरीला लागलं म्हणजे माल कधी वर चढवायचा, हे पिढ्यान् पिढ्या शिकत आलेत.

अमावास्येला कोकण किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास येते, आणि ती उधाणाची असते. महाड हे जुनं बंदर, खाडीची भरती त्या बाजूला चढत येते. वरून पूर आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाणी उतरता उतरत नाही. पडलेला पूल शहराच्या वरच्या अंगाला होता. त्यामुळे भरतीने पूल पाडला असं मी म्हणत नाही. पण ती रात्र कशी होती, हे पंचांग उघडूनही कळलं असतं: चंद्र नाही, आणि मध्यरात्रीला उधाण.

संध्याकाळ: सहा तास आधी

राजापूरहून महाडला यायला घाट, वळणं, थांबे धरून एसटीला पाच-सहा तास सहज लागतात. म्हणजे संध्याकाळीच गाडी स्टँडवरून हललेली असणार. जयगडची गाडी शास्त्रीच्या मुखाजवळच्या बंदरावरून निघालेली.

रात्रीची मुंबई गाडी कोकणात सगळ्यांच्या घरातली असते. गावाला आजारी माणसाला बघायला आलेला, कोर्टाची तारीख करून निघालेला, लावणी आटोपून कामावर परतणारा. वरच्या फळीवर तांदळाची पिशवी, अळूच्या पानांची जुडी, एखादं कोंबडं टोपलीत. पावसाळ्यात खिडकीची काच नीट सरकत नाही, फटीतून पाणी आत येतं, मग फटीत रुमाल किंवा वर्तमानपत्राची घडी खुपसायची. वाहक तिकिटाचं यंत्र घेऊन पुढून मागे येतो, हिशेब जुळवतो, दिवे मालवले जातात. चिपळूण किंवा खेडला चहा झाला की गाडी झोपते. सकाळी बोरिवलीला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून थेट कामावर जायचं, हा हिशेब.

त्या रात्री त्या दोन गाड्यांमध्ये कोण काय बोललं, कोण जागं होतं, हे सांगायला कुणी उरलं नाही. म्हणून त्याहून जास्त लिहिणं मला योग्य वाटत नाही.

रात्री साडेसात: चार तास आधी

अंधार पडलेला. मुंबईकडे येताना या रस्त्यावर नद्या एकामागून एक येतात. राजापूरची अर्जुना, मग काजळी, बावनदी, संगमेश्वरला शास्त्री, चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी आणि शेवटी महाडच्या अलीकडे सावित्री. यांतल्या बहुतेकींवर तेव्हा ब्रिटिशकालीन अरुंद पूल वापरात होते. जगबुडीच्या पुलावरून १९ मार्च २०१३ च्या पहाटे एक खासगी बस खाली गेली होती आणि ३७ माणसं मेली होती. तो उन्हाळा होता, नदीला पूर नव्हता. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललेलं. २०१६ च्या त्या रात्रीही ते चाललेलंच होतं.

प्रत्येक पुलाच्या सुरुवातीला नदीचं नाव लिहिलेली पाटी आणि कठड्याला पांढरा-काळा रंग. पाणी किती वर आलंय हे बघायला कुणीही नाही.

रात्री साडेनऊ: दोन तास आधी

खेड सोडलं की कशेडी घाट. रत्नागिरी जिल्हा संपून रायगड सुरू होतो. पावसाळ्यात इथे ढग रस्त्यावर बसतात. चालक काच खाली करून डोकं बाहेर काढतो आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर गाडी चालवतो. कोकणातल्या एसटी चालकांचं हे कसब ज्याने पाहिलंय, त्याला त्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. त्यांचा सगळा जीव वळणं, दरडी आणि समोरून येणारे ट्रेलर यांत असतो. घाट उतरून पोलादपूर आलं की खांदे सैल होतात. पुढे सरळ रस्ता, महाड अर्ध्या तासावर. धोक्याचा भाग मागे पडला, असं कुणालाही वाटावं.

पोलादपूरनंतर सावित्री रस्त्याच्या सोबतीला येते. दिवसा ती दिसते. त्या रात्री दिव्यांच्या झोतापलीकडे काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

रात्री साडेदहा: एक तास आधी

या एका तासात काय करता आलं असतं?

महाबळेश्वरात किती पाऊस पडला हे मोजणारं यंत्र महाबळेश्वरात आहे. ते पाणी सावित्रीत उतरणार हे शाळेच्या भूगोलात आहे. पोलादपूरहून महाड पोलीस ठाण्याला एक फोन आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन होमगार्ड. एक लोखंडी बॅरिकेड, एक लाल दिवा. शेजारी पंधरा वर्षांचा नवा पूल उभा होता. दोन्ही बाजूंची वाहनं आळीपाळीने त्यावरून सोडता आली असती. अर्धा तास रांग लागली असती, लोकांनी हॉर्न वाजवले असते.

कोकण रेल्वेच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढली की इशारा देणारी यंत्रं बसवलेली आहेत: काळ नदीवर, चिपळूणजवळ वाशिष्ठीवर, आणि वीर व सापे वामणे या स्थानकांदरम्यान सावित्रीवर. याच सावित्रीवर. खर्च फार येतो म्हणून रस्त्याच्या पुलांना असं काही नव्हतं, असं म्हणायची सोय इथे उरत नाही. एकाच नदीवरचे दोन पूल, एकावर यंत्र आणि गस्त, दुसऱ्यावर मे महिन्याचा दाखला. रेल्वेत गाडीला काही झालं तर जबाबदार कोण हे नावानिशी ठरलेलं असतं. रस्त्यावर पूल एका खात्याचा, वाहतूक दुसऱ्याची, पुराचा इशारा तिसऱ्याचा, आणि गाडी महामंडळाची. मधल्या फटीत प्रवासी.

रात्री साडेअकरा

पुलाचा मधला भाग गेला. पुलावर दिवे नव्हते. पावसाच्या आणि पुराच्या आवाजात पूल पडल्याचा आवाजही वेगळा ऐकू येण्यासारखा नव्हता. मागून येणाऱ्या चालकाला पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतात, ते दिसेनासे झाले तर त्याला ती पुढे निघून गेली असंच वाटणार. ब्रेक लावावा असं काही त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या ध्यानात आलं की गाड्या पुलावर चढताहेत, पण पलीकडे निघत नाहीत. त्याने रस्त्यावर येऊन वाहनं थांबवली आणि खबर पोहोचवली. त्याला हे काम कुणी दिलेलं नव्हतं, त्याचा पगार त्यासाठी नव्हता. त्या रात्री रस्त्यावर रेल्वेच्या गँगमनचं काम एका गॅरेजवाल्याने केलं. त्याच्यामुळे आणखी किती गाड्या वाचल्या, याची मोजदाद होऊ शकत नाही.

पहाट, आणि त्यानंतरचे दिवस

३ ऑगस्टला उजाडलं तेव्हा नव्या पुलावरून दिसत होते ते जुन्या पुलाचे दोन्हीकडचे तुकडे आणि मधून धावणारं गढूळ पाणी. महाबळेश्वरच्या पाणलोटात झालेल्या अतिवृष्टीने आलेल्या पुराचा दाब, असं प्राथमिक कारण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल आले. हेलिकॉप्टरं फिरली. रबरी बोटी पाण्यात टिकत नव्हत्या. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून ते नदीत सोडलं गेलं, की निदान गाडीचं लोखंड तरी लागेल. नदीत मगरी होत्या. काठावर नातेवाईक पावसात उभे होते, कुणाच्या हातात फोटो.

मृतदेह मिळू लागले ते पुलापाशी नव्हे. हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, अशा समुद्रकाठच्या गावांतून खबरा येऊ लागल्या. नदीने माणसं खाडीत नेली आणि खाडीने समुद्रात. पहिल्या एसटीचा सांगाडा ११ ऑगस्टला नौदलाच्या पाणबुड्यांना मिळाला. तो पुलापासून साधारण दोनशे मीटरवर होता. नऊ दिवस सगळी यंत्रणा त्याच्या आसपास शोधत होती. पाणी इतकं होतं आणि इतकं गढूळ.

सरकारने राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी जाहीर केली. सावित्रीवर नवा पूल बांधायला घेतला आणि १६५ दिवसांत पुरा केला. २३९ मीटर लांब, १६ मीटर रुंद. ५ जून २०१७ ला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते तो खुला झाला. पुराचा इशारा देणारी यंत्रणाही त्यावर बसवल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. ज्या महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं, त्याच महामार्गावर साडेपाच महिन्यांत पूल उभा राहू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं. ते काम करणाऱ्या अभियंत्यांचं आणि मजुरांचं कौतुक करायलाच हवं. पण यंत्रणा बसली ती पडलेल्या पुलाच्या जागी.

मग पुन्हा एक पूल, पुन्हा पावसाळा: १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पावसाळी सहलीला आलेल्या माणसांसह कोसळला. चौघांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. पूल धोकादायक आहे असा फलक तिथे लावलेला होता. नदीला पाणी वाढलेलं होतं, पूल माणसांनी भरला होता आणि काही जण त्यावर दुचाक्या घेऊन आले होते.